बोहल्यावर तुटलेला भरवसा

खानदेशात लग्नसराई सुरू झाली की बालविवाह रोखल्याच्या बातम्या येऊ लागतात. पालकांकडून हमीपत्र लिहून घेतले की प्रकरण मिटले, असे मानले जाते. जे विवाह रोखले जात नाहीत, त्यांची किंमत मात्र पुढे अनेक वर्षे नात्यांना मोजावी लागते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) धुळे जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील ४०.५ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वीच झाला होता. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते. या मुलींनी आता पंचविशी ओलांडली आहे.

बालपणी हक्काचे माणूस लाभले तर मूल जगाकडे निर्धास्तपणे पाहते, असे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडले. १९८७ मध्ये सिंडी हझन व फिलिप शेव्हर या अमेरिकी संशोधकांनी ही मांडणी प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिली. भरवसा गमावलेली व्यक्ती जोडीदाराला धास्तीने धरून ठेवते किंवा मनाने त्याच्यापासून दूर राहते. ज्यांनी जपायचे त्यांनीच न विचारता परक्या घरी धाडले, तर मुलीने भरवसा ठेवायचा कोणावर? तिचे मौन सासरी समजूतदारपणा ठरते. त्यामागची भीती कोणी पाहत नाही.

बहिणाबाई चौधरी वयाच्या तेराव्या वर्षी असोद्याहून जळगावला सासरी आल्या. त्यांच्या ओव्यांचे कौतुक करताना ते वय आपण सहज विसरतो. तो काळ निराळा होता. आज मात्र कायदा आहे, तरी प्रथा टिकून आहे.

याचा सारा दोष आईबापांवर ढकलणे सोपे आहे. चाळीसगावसारख्या तालुक्यांतून कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेव्हा वयात आलेल्या मुलीला कोणाच्या भरवशावर मागे ठेवायचे, ही त्यांची चिंता खोटी नाही. शिवाय ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मिळते ती जोडीला. म्हणूनच मुलींसाठी गावातच सुरक्षित वसतिगृहे व शिक्षण हाच खरा प्रतिबंध होय.

२००६ च्या कायद्यानुसार सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत असा विवाह रद्द करण्यासाठी न्यायालयात दाद मागता येते. मनाची जखम मात्र निकालपत्राने भरत नाही. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे, ती आशासेविकांमार्फत घरोघरी पोहोचायला हवी. बालपणीचा आघात म्हणजे विधिलिखित नव्हे. विश्वासाचे एक माणूस उशिरा भेटले तरी तुटलेला भरवसा पुन्हा जुळू शकतो. ते माणूस नवराही असू शकतो. पण त्यासाठी त्याचेही बोहल्यावर चढण्याचे वय झालेले असावे लागते.