पगाराची फाइल कोणत्या वाटेनं जाते?

पगाराची फाइल बँकेला, बिलं मोठ्या गिऱ्हाइकाला, स्टॉकचा हिशेब गोदामाला: लहानशा कारखान्यातूनही रोज कितीतरी फायली बाहेर पडतात. त्या कशा जातात असं मालकाला विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं, "आयटीवाल्यानं लावून दिलंय." मग त्या आयटीवाल्याला या आठवड्यात एवढंच विचारा, की फायली पाठवायला आपल्याकडे एफटीपी आहे, एफटीपीएस आहे की एसएफटीपी?

नुसतं एफटीपी असेल तर बंद करायला सांगा. त्याचा पहिला मसुदा एप्रिल 1971 मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. तेव्हाच्या संगणकांच्या जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या, चोराचा विचार कोण करणार? म्हणून एफटीपीत पासवर्डसुद्धा उघडा जातो, आणि वाटेत कुणी टपून बसलं असेल तर त्याला फाइलही वाचता येते. क्रोम आणि फायरफॉक्सनं 2021 मध्येच एफटीपी काढून टाकलं. "इतकी वर्षं काही झालं नाही" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, झालं असतं तर तुम्हाला कळलं असतं का?

एफटीपीएस म्हणजे तेच जुनं एफटीपी, टीएलएस या एन्क्रिप्शनच्या आवरणात. ते सुरक्षित आहे, पण फायरवॉलशी त्याचं जमत नाही. आज्ञा एका पोर्टवरून जातात आणि प्रत्येक फाइलसाठी वेगळं पोर्ट लागतं, त्यामुळे सर्व्हरवर पोर्टांचा अख्खा पट्टा उघडा ठेवावा लागतो. बँक तेच मागत असेल तर वापरा. फक्त सेटिंगमध्ये टीएलएस सक्तीचं करा. 'जमलं तर टीएलएस' ठेवलंत आणि समोरच्या सर्व्हरला ते येत नसलं, तर गाडी पुन्हा उघड्या एफटीपीवर येऊ शकते.

निवड तुमच्या हातात असेल तर एसएफटीपी घ्या. ते एसएसएच या सुरक्षित जोडणीवर चालतं. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा 1995 मध्ये तातू इलोनेन यांनी एसएसएच तयार केलं. सगळा व्यवहार 22 या एकाच पोर्टवरून होतो. पासवर्डऐवजी कींची जोडी वापरा. त्यातली पब्लिक की म्हणजे कुलूप, ते खुशाल समोरच्याला द्या. प्रायव्हेट की मात्र तुमच्या मशीनबाहेर जाता कामा नये. कुणी दोन्ही स्वतःच बनवून प्रायव्हेट की ईमेलनं पाठवली, तर ती वापरू नका, आपली जोडी आपणच बनवा. ही चूक चांगल्या मोठ्या कंपन्यांची माणसंही करतात.

पहिल्यांदा जोडणी करताना पडद्यावर अक्षरांची एक लांबलचक ओळ येते आणि 'हा सर्व्हर ओळखीचा आहे का' असं विचारलं जातं. तो सर्व्हरच्या कीचा ठसा. जवळपास सगळेच न वाचता 'हो' दाबतात. त्याऐवजी समोरच्या कंपनीला फोन करा आणि ठसा ताडून बघा. पाच मिनिटं जातील, पण मध्ये कुणी तोतया सर्व्हर उभा केला असेल तर तो इथेच सापडतो. पुढे कधी 'ठसा बदलला' असा इशारा आला तर आधी काम थांबवा, मग फोन.

एएस2 या फाइल पाठवण्याच्या आणखी एका पद्धतीचं नाव निर्यात करणाऱ्यांच्या कानावर आलं असेल. वॉलमार्टनं 2002 मध्ये आपल्या पुरवठादारांना ते वापरायला लावलं. त्यात फाइल पोचल्याची सही केलेली पावती परत येते, त्यामुळे "आम्हाला मिळालीच नाही" हा वाद संपतो. गिऱ्हाईक मागत नसेल तर मात्र त्याच्या नादी लागू नका.

वाट पक्की केली तरी फाइल मुक्कामाला असते सर्व्हरवर. 2023 मध्ये मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधून जगभरच्या संस्थांची माहिती चोरीला गेली. तिथे एसएफटीपी कुणी फोडलं नव्हतं. सॉफ्टवेअरच्या वेब भागात भोक होतं आणि फायली तिथे पडून होत्या. म्हणून अपडेट लगेच टाका, उचललेली फाइल सर्व्हरवरून पुसा, समोरच्या प्रत्येक कंपनीला तिच्यापुरताच फोल्डर द्या आणि नोकरी सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद करा. लॉग 180 दिवस ठेवा, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांत तेच सांगितलंय. सायबर हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचंही आहे. पगाराच्या फाइलमध्ये लोकांचे खाते क्रमांक असतात. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

राहता राहिला तो जुना गिऱ्हाईक, ज्याला एफटीपी सोडवत नाही. त्याच्याशी भांडू नका. फाइल पाठवण्याआधी पीजीपी एन्क्रिप्शननं कुलूपबंद करा, आणि एफटीपी आपण कोणत्या तारखेपर्यंतच चालू ठेवणार ते त्याला लेखी कळवा.