परसबाग : काकडीचे शत्रू

गणपतीच्या सुमारास टोकलेल्या काकडीला एव्हाना दोन-चार पाने फुटली असतील. दिवाळीत घरच्या काकडीची कोशिंबीर करायचा तुमचा बेत आहे ना? मग आतापासूनच वेलाकडे लक्ष हवे. पाऊस ओसरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले, की किडींचेही फावते.

अशा वेळी शेजारच्या काकू हमखास सांगतात, "अगं, पावडर मार, एका दिवसात साफ!" त्यांच्या मनातली बीएचसी पावडर १९९७ सालापासून आपल्याकडे बंद आहे. पण दुसरे एखादे जालीम औषधही या वेलावर नकोच. वांगी-भेंडी निदान शिजतात तरी. काकडी मुले वेलावरून तोडतात नि तशीच खातात. शिवाय ती एक-दोन दिवसांआड तोडावी लागते. औषध मारल्यावर जितके दिवस थांबा असे डब्यावर लिहिलेले असते, तितके थांबणार कोण?

सर्वांत आधी येतो तो तांबडा भुंगेरा. लांबट, नारिंगी, चकचकीत. कोवळ्या पानांची चाळण करून टाकतो. ऊन चढले की भुर्रकन उडतो, पण पहाटेच्या गारव्यात सुस्त असतो. तेव्हा सकाळी दूध तापत ठेवण्याआधी साबणाच्या पाण्याचे भांडे घेऊन जा, ते पानाखाली धरा आणि पान टिचकीने झटका. पाने दवाने ओली असतानाच चाळलेली राख भुरभुरवली तरी उपयोग होतो. पण चूलच नाही तर राख कुठली! मग जुन्या मच्छरदाणीचा तुकडा रोपांवर टाकून कडेने माती दाबा. फुले येऊ लागताच तो काढायचा मात्र, नाहीतर मधमाशा आत जाणार कशा? वेल मोठा झाला की चार भोके पडली तरी काही बिघडत नाही.

पाने आकसून चिकट झाली तर ती उलटून पाहा. मावा असेल. तो पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा. भागले नाही, तर पन्नास ग्रॅम निंबोळीचा गर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून त्यात किंचित साबण कालवा आणि संध्याकाळी फवारा. सकाळी नको, मधमाशा येतात. माव्याच्या घोळक्यात लाल पाठीवर काळे ठिपके असलेले गोल किडे दिसले, तर त्यांना मारू नका. ते मावा खातात.

खरी डोकेदुखी फळमाशीची. ती कोवळ्या फळाच्या सालीत टोचून अंडी घालते. तिथे डिंकासारखा थेंब येतो, फळ वाकडे होते नि आतून सडते. कापले की पांढऱ्या अळ्या वळवळतात. (अळी नसून नुसतेच पिवळे पडून सुकलेले पिटुकले फळ असेल, तर त्याला परागकण मिळालेले नाहीत. सकाळी नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यावर हलके टेकवा. मादी फुलाच्या मागे इवलीशी काकडी असते.)

किडके फळ कोपऱ्यात किंवा खताच्या खड्ड्यात अजिबात टाकू नका. अळी त्यातून निघून मातीत कोष करते आणि पुन्हा माशी तयार! अशी फळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा, मगच टाका. वेलाखालची माती खुरप्याने वरवर उकरा, म्हणजे कोष उघडे पडतात. मुंग्या नि पक्षी त्यांचा समाचार घेतात. मुळांना मात्र धक्का लावू नका.

आणि नवी फळे? फूल मिटले की दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्राची लांबट पिशवी त्यांवर चढवा नि देठाशी सैल दोरा बांधा. आठ-दहा दिवसांत काकडी तोडायला येते. मध्येच परतीच्या पावसाची सर आली, तर भिजलेला कागद बदलायला विसरू नका.