पोरीच्या रायफलीला दुर्बीण नको, उघडी साईटच बरी



सोयाबीनची रास झाली, हरभरा पेरून झाला. दोन दिवस सवड आहे म्हणून आज पिकाचं सोडून वेगळं लिहितो. पण गोष्ट शेतकऱ्याच्या घरातलीच आहे, अन् पैसाही सोयाबीनचाच गेलाय.

माझी पुतणी नववीला आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, रेल्वेत नोकरीला. ते बघून आमच्या पोरीनं शाळेत नेमबाजीत नाव दिलं. दोन वर्षं झाली, नाद सुटला नाही. मग भावानं अन् मी मिळून पॉइंट १७७ ची साधी एअर रायफल घेतली. तीन कट्टे सोयाबीन गेलं. (कट्टा म्हणजे पोत्याचा, गैरसमज नको.)

रायफलीला पुढं माशी अन् मागं खाच, अशी लोखंडी साईट कंपनीचीच होती. मी एकदा आखाड्यावर नेम धरून बघितला. मला पुढची माशी दिसेचना, सगळं पुसट. म्हणलं, ह्यानं लेकराचा काय नेम लागणार? लगेच ऑनलाइन दुर्बीण मागवली. ती बसवायला मागची साईट आडवी येत होती, म्हणून स्क्रू काढून तीही बाजूला केली. ती साईट कुठं ठेवली ते आजपर्यंत सापडली नाही.

दुर्बिणीतून लई झकास दिसायचं. पण चार-पाच छर्रे मारले की नेम हलायचा. शेवटी कळलं, दुर्बिणीचा क्लॅम्पच आमच्या रेलचा नव्हता. एअर रायफलीच्या नळीमागं बहुतेक ११ मिलिमीटरची खाचेची रेल असते. बाजारात दुसरी एक रुंद, आडव्या खाचा असलेली पिकॅटिनी रेल चालते, तिचा क्लॅम्प हिला बसत नाही. मी पत्र्याचा तुकडा घालून आवळला होता. स्प्रिंगच्या रायफलीला झटका असतो, त्या झटक्यानं दुर्बीण मागं सरकायची. विकणाऱ्यानं विचारलं नाही अन् मीही मोजलं नाही.

खरा घोळ स्पर्धेच्या दिवशी झाला. शालेय स्पर्धेत ओपन साईट अन् पीप साईट असे दोन वेगळे गट असतात. दुर्बीण दोन्हीत चालत नाही. खुद्द ऑलिंपिकच्या रायफल प्रकारातही चालत नाही, स्वप्नीलनं पदक लोखंडी साईटवरच मिळवलंय. तपासणीला सरांनी दुर्बीण काढायला लावली. काढली तर मागं साईटच नाही. लेकरू दिवसभर बाकावर बसून दुसऱ्यांचे गुण मोजत राहिलं. येताना गाडीवर एवढंच म्हणालं, "मोठे बाबा, मला तर माशी दिसत होती हो."

ते वाक्य अजून टोचतं. माझं वय पन्नाशीपुढं. पेपर वाचायला चष्मा लागतो, मग हातभर अंतरावरची माशी कशी दिसावी? चौदा वर्षांच्या डोळ्याला ती स्वच्छ दिसते. मी माझ्या डोळ्यानं तिची रायफल निवडली, हीच चूक. आपण पोरांच्या बाबतीत असं लई ठिकाणी करतो.

नंतर सरांकडं बसून समजून घेतलं ते सांगतो.

दहा मीटरच्या कागदावर काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा असतो अन् दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. पुढची माशी अन् मागची खाच यांच्यात ५० सेंटिमीटर अंतर धरा. दहा मीटर म्हणजे त्याच्या वीसपट. म्हणजे माशी खाचेत १ मिलिमीटर इकडं-तिकडं झाली तर छर्रा २० मिलिमीटर सरकतो, काळ्याच्या पार बाहेर. म्हणून डोळा माशीवर ठेवायचा, निशाण थोडं पुसट दिसलं तरी चालतं. पेरणीत आपण उलटं करतो. पहिलं तास सरळ यावं म्हणून तिफणीकडं न बघता पलीकडच्या बांधावरच्या झाडाकडं बघतो. रायफलीत झाडाकडं बघितलं की तास वाकडं गेलंच.

पीप साईट म्हणजे मागं बारीक छिद्र अन् पुढं कडं. गोलात गोल बसवायचा. छिद्रातून बघताना डोळा आपोआप मधोमध येतो, म्हणून ती जास्त अचूक. पण ती महाग, अन् तिच्या जोगी रायफलही महाग.

माझं मत असं : पहिलं वर्ष-दोन वर्षं उघडी साईट. माशी धरायची, श्वास धरायचा अन् चाप दाबायची सवय तिच्यावरच लागते. पोरगी टिकली, गुण वाढले, तर पीप साईटचा विचार. दुर्बीण लेकराचा हात सुधारत नाही. उलट हात किती हलतोय ते मोठं करून दाखवते अन् लेकरू घाबरतं.

साईट घेताना चार गोष्टी बघा. स्पर्धेचा गट कोणता ते आधी सरांना विचारा. रेल स्वतः मोजा. मागं सरकू नये म्हणून क्लॅम्पला अडसर आहे का बघा. अन् मागची साईट डावी-उजवी, खाली-वर स्क्रूनं फिरली पाहिजे. छर्रे डावीकडं पडत असतील तर मागची साईट उजवीकडं न्यायची. एका छर्‍यावर फिरवू नका, पाच मारून मग ठरवा.

आणखी एक. ही रायफल कागदासाठी आहे. डुकरं, रोही, मोर, वानरं यांच्यावर रोखायची नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, अन् पोराच्या हातून भलतंच झालं तर निस्तरायचं कोणी? आम्ही मातीच्या भिंतीपुढं जाड फळी लावून सराव करतो. घरातलं मोठं माणूस हजर असल्याशिवाय रायफल बाहेर निघत नाही.

आता कंपनीकडून मागची साईट नवीन मागवली. दुर्बिणीच्या मानानं काहीच पैसे लागले नाहीत. रोज संध्याकाळी धारा काढायच्या आधी चाळीस छर्रे चाललेत. कागद मी जपून ठेवतोय, तारीख टाकून, पावसाच्या नोंदीसारखेच. पुढच्या वर्षी ती गटात उभी राहील तवा काय गुण पडायचे ते पडोत, पण माझ्या पायी ती पुन्हा बाकावर बसणार नाही.

पटलं तर घ्या. ज्यांची लेकरं शिकतात त्यांनी आपला अनुभव जरूर सांगा.