मनाचें मोजमाप

११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविडची साथ ही महासाथ असल्याचें जाहीर केलें, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेपासून आपला सारा देश दारें लावून घरांत बसला. वसतिगृहें ओस पडलीं. परगांवीं शिकणारीं मुलें घरीं परतलीं. आजारी किती, दगावले किती, याची मोजदाद रोज होत असे. परंतु ज्या विशींतल्या मुलांच्या अंगास रोग शिवलाही नाहीं, त्यांच्या मनाचें काय झालें हें कसें मोजावें? प्रश्न शास्त्रज्ञांचा खरा. पण तो घरचाही आहे, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

मन मोजावयाचें तें प्रश्न विचारून. २००१ सालीं प्रसिद्ध झालेली नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आज जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलें काय, झोप बिघडली काय, कशांतच गोडी वाटेनाशी झाली काय, असे ते प्रश्न. प्रत्येकास शून्य ते तीन गुण, एकूण २७. बेरीज दहा किंवा अधिक भरली, तर डॉक्टरांनीं नीट तपासून पाहावें असा संकेत आहे. थर्मामीटर ताप असल्याचें सांगतो, तो कशाचा हें सांगत नाहीं. या आंकड्याचेंही तसेंच.

टाळेबंदी चालू असतां, एप्रिल-मे २०२० मध्यें, फ्रान्समधील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांची अशाच साधनांनीं पाहणी झाली. ६९,०५४ जणांनीं उत्तरें दिलीं. त्यांपैकीं शेंकडा ११.४ जणांच्या मनांत जीव द्यावा असे विचार येऊन गेले होते. संख्या मोठी खरी, पण ज्यांना विचारलें त्यांतील शंभरांत पांच जणांचेंही उत्तर आलें नाहीं. जे गप्प राहिले ते सुखी होते कीं अधिक दुःखी, आणि साथीपूर्वीं हींच मुलें कशीं होतीं, हें अशा एकवेळच्या पाहणीवरून कळत नाहीं.

अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत निराळा मार्ग धरला होता. तेथें कांहीं विद्यार्थ्यांच्या संमतीनें त्यांच्या मोबाईलवरून हालचालींची नोंद व मनःस्थितीविषयीं लहानसे प्रश्न, असा क्रम साथीच्या आधींपासूनच चालू होता. अशा २१७ विद्यार्थ्यांचें साथ सुरू झाली तें सत्र त्यांच्याच मागील सत्रांशीं ताडून पाहिलें, तेव्हां बैठेपणा, चिंता व औदासीन्य वाढल्याचें दिसलें. मुलें थोडीं, कॉलेज एकच. पण येथें प्रत्येकाचें माप त्याच्या स्वतःच्या कालच्या दिवसाशीं होतें. आम्हांला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

कारण असें माप भरल्या घरांत कोणत्याही यंत्रावांचून मिळण्याजोगें आहे. नातू ताटावरून लवकर उठूं लागला हें आजीच्या ध्यानांत येतें; पुतणीच्या खोलींतला दिवा पहाटेपर्यंत जळतो हें काकूंना ठाऊक असतें. पण या माहितीचा उपयोग आपण बहुधा बोल लावण्याकडे करतों. ‘आळशी झालास’, ‘अभ्यास नको म्हणून सोंग’, असें एकदां पंगतींत ऐकल्यावर तें मूल दुसऱ्यांदा तोंड उघडील काय? शिवाय चार माणसांच्या कानांवर पडेल अशा ठिकाणीं मनांतलें बोलणें कोणासही अवघडच.

फ्रान्सच्या पाहणींतील आणखी एक आंकडा याच कारणानें आमच्या मनांत राहिला आहे. ज्यांस निदान एक तरी मानसिक त्रास होता अशांपैकीं शेंकडा १२.४, म्हणजे आठांत एकच, डॉक्टर वा तत्सम जाणकाराकडे गेला. मोजून झालें आणि पुढचें पाऊल कोणी उचललें नाहीं, तर त्या मोजण्याचा उपयोग काय?

तरी वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. मुलाच्या वागण्यांत फरक दिसला, तर त्याला एकटें गांठून विचारा. उपदेश राहूं द्या, आधीं ऐकून घ्या. दोन आठवडे झाले तरी उदासपणा हटला नाहीं, तर डॉक्टरकडे न्या. जगणें नकोसें झाल्याची भाषा निघाली, तर एक दिवसही थांबूं नका, आणि त्यास एकटें सोडूं नका. २०२२ च्या ऑक्टोबरांत सरकारनें सुरू केलेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. तो क्रमांक घरांतील सर्वांच्या नजरेस पडेल असा लिहून ठेवावा.