अंगठ्याची साक्ष

बोटांच्या ठशांचे दफ्तर लंडनच्या स्कॉटलंड यार्डात १९०१ साली उघडले. कलकत्त्यात मात्र ते १८९७ पासूनच होते. हजारो ठशांतून हवा तो चटकन सापडावा, म्हणून १०२४ कप्प्यांची वर्गवारी तेथे सिद्ध झाली. तिच्यामागील गणित अझीझुल हक यांचे, साह्य हेमचंद्र बोस यांचे. नाव मात्र लागले वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांचे.

त्याच सुमारास जलपाईगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तेथील पंचांगावर उमटलेला ठसा, पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेल्या नोकराच्या ठशाशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी ठरविले. खुनाच्या आरोपातून मात्र मुक्त केले. तो हात तेथे पोहोचला, एवढेच ठसा सांगतो. त्या हाताने काय केले, ते सांगत नाही. वाचकहो, शास्त्राची ही मर्यादा न्यायासनाने आरंभीच ओळखली होती.