आधी ब्रेक दाबून दाखवा, मग गेटपास

जुनी गाडी म्हटलं की आपल्याकडं लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, भंगारात घाला. दुसरा म्हणतो, नाद करायचा नाही, अजून पाच वर्षं पळंल. मला दोघांनाही एकच विचारायचं आहे. ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का?

जुन्या गाडीचं आपल्याला वावडं नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सगळं कोल्हापूर माना उंच करून बघतं. केंद्र सरकारनं 2021 मध्ये अशा गाड्यांसाठी वेगळे नियमही केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण ती रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कामांनाच बाहेर काढायची.

म्हणजे सगळ्यात जुनी गाडी रस्त्यावर सगळ्यात कमी येते, आणि येते तेव्हा मालक चार वेळा तपासून आणतो. खरी काळजी मधल्या वयाच्या गाड्यांची आहे. पंधरा-वीस वर्षांचे टेम्पो, पिकअप, ट्रक. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग भरून रोज हायवेला लागतात ते हेच. हंगामात त्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. आणि त्यांच्या मागं शिफ्ट सुटून घरी निघालेला, टू-व्हीलरवरचा आपला कामगार.

साधा हिशेब करा. ताशी 80 च्या वेगात गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. पुढच्यानं ब्रेक मारलाय हे दिव्यावरून कळलं नाही, तर मागच्याला ते अंतर कमी झाल्यावरच कळतं. अंधारात, पावसात, समोरून हेडलाइट डोळ्यावर असताना एक सेकंद सहज जातो. तोपर्यंत आपण टेम्पोच्या मागच्या फाळक्याजवळ असतो.

आणि दुरुस्ती किती अवघड आहे? जुन्या ॲम्बेसेडर, फियाटवर हात बसलेल्या कुठल्याही वायरमनला विचारा, क्रम ठरलेला आहे. आधी बल्ब. ब्रेक आणि पार्किंग मिळून एकच बल्ब असतो, 21 वॅट आणि 5 वॅटच्या दोन तारांचा. त्यातली 21 ची तार तुटली की पार्किंग लागतं, ब्रेकचा दिवा लागत नाही, आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. मग फ्यूज. मग ब्रेकचा स्विच. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. म्हातारा झाला की पाय जोरात दाबल्याशिवाय दिवा लागत नाही, म्हणजे लागतो पण उशिरा.

हे सगळं बरोबर असेल तर चोर अर्थिंगमध्ये असतो. दिव्याची परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून जाते. होल्डर गंजला की करंटला वाट मिळत नाही. मग ब्रेक दाबला की पार्किंग मंद होतं, नाहीतर भलताच इंडिकेटर मिणमिणतो. आपल्याकडचा पाऊस आणि 2019, 2021 च्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आठवा. एवढ्यावर उपाय काय, तर पॉलिश पेपरनं गंज घासायचा, नट आवळायचा, फार तर चासीला एक नवी वायर ओढायची. काच फुटली असेल तर नवी बसवायची, लाल टेप चिकटवून भागवायचं नाही.

मग होत का नाही? कारण दंड झाला तर ड्रायव्हरच्या माथी, खर्च मालकाच्या खिशातून, आणि धोका तिसऱ्याच माणसाला. मागचा दिवा ड्रायव्हरला सीटवरून दिसत नाही. त्यामुळं कुणालाच घाई नाही.

आरटीओ आणि पोलिसांनी तपासावं, ते त्यांचं कामच आहे. पण ते प्रत्येक गाडीमागं उभे राहू शकत नाहीत. कारखान्याचं गेट मात्र प्रत्येक गाडीला ओलांडावं लागतं. तिथं वजन होतं, चलन बघतात, रजिस्टरला नंबर लिहितात. त्याच रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा. वॉचमननं मागं उभं राहायचं आणि म्हणायचं, “ब्रेक दाबा.” दोन्ही दिवे लागले तर खूण करा, गाडी सोडा. नाही लागले तर आधी बल्ब बदला, मग माल न्या.

“वॉचमन काय आरटीओ आहे काय?” असं कुणी म्हणेल. नाही. त्याला दंड करायचा नाही, कागद जप्त करायचे नाहीत. आपला माल कुठल्या गाडीतून बाहेर पाठवायचा, हे ठरवायचा हक्क कारखानदाराला आहेच. “डिस्पॅचला उशीर होईल,” हेही ऐकायला मिळेल. मागं उभं राहून दिवा बघायला दहा सेकंद लागतात. गेटच्या खोलीत पाच-सहा बल्ब, फ्यूज आणि एक टेस्ट लॅम्प ठेवला तर बरीचशी दुरुस्ती जागच्या जागी होईल.

शिरोलीच्या उद्योजकांची ‘स्मॅक’सारखी संघटना आहे. तिनं मनावर घेतलं तर एका पत्रकानं हे सुरू होऊ शकतं. सरकारी जीआरची वाट बघायची गरज नाही. ज्या गावात इंजिनाचे भाग ओतले जातात, तिथं बल्ब बदलायला माणूस मिळत नाही असं कोण म्हणेल?

आणि आपणही. आज घरी गेल्यावर गाडी भिंतीकडं पाठ करून लावा, ब्रेक दाबा आणि भिंतीवर दोन्हीकडं लाल उजेड पडतो का बघा. बाकी, तुमच्या कारखान्याच्या गेटवर ब्रेकलाइट तपासतात का, ते खाली लिहा. तपासत असतील तर नावानिशी लिहा, कौतुक करू.