उघडता येत नसेल, तर गाडी आपली कशी?

"इंजिनेर होय ना तू? मंग उघड." बाबा एवढंच बोलले आणि चहा प्यायला निघून गेले.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, पण डिग्री मेकॅनिकलची. दिवाळीला मुकुटबनला आलो तर बाबांची जुनी १०० सीसी मोटारसायकल अंगणात उभी. इंजिनातून टकटक आवाज, ओढ संपलेली. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरने अख्खं हेड बदलायला सांगितलं होतं, वर सल्ला, 'यापेक्षा नवी घ्या.' शेत, दवाखाना, वणीचा बाजार, बाबांचं सगळं याच गाडीवर. कापूस अजून घरातच होता. नवी कुठून घेणार?

गावातल्या गॅरेजवाल्या भाऊंनी नुसता आवाज ऐकून सांगितलं, "कॅम घासला. ऑइल कमी पडलं असन."

कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. क्रँक दोनदा फिरला की तो एकदा फिरतो आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडतो-मिटतो. तो बसतो इंजिनाच्या डोक्यात, त्यामुळे ऑइल कमी झालं की पहिला फटका त्याला. या गाडीत ऑइल मावतं जेमतेम लिटरभर. त्यात आमच्याकडे कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक, रस्त्यावर धूळच धूळ.

हे सगळं मला पाठ होतं. कॅमची आकृती मी कॉलेजात ड्रॉइंग शीटवर काढली होती, मार्कही चांगले पडले होते. खरा कॅम मात्र चार वर्षांत एकदाही हातात घेतला नव्हता. भाऊंकडे डिग्री नाही, म्हणून आपण त्यांना 'मिस्त्री' म्हणतो आणि मला 'इंजिनिअर'. या वाटणीची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

पण सगळा दोष कॉलेजवर ढकलून भागणार नाही. मी सर्व्हिस मॅन्युअल शोधलं, तर उत्तर मिळालं, 'ते फक्त डीलरसाठी असतं.' माझं रोजचं काम जगभरातल्या अनोळखी लोकांनी फुकट लिहून ठेवलेल्या डॉक्युमेंटेशनवर चालतं. आणि बाबांनी पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या गाडीचं पुस्तक मात्र बाबांसाठीच बंद! शेवटी एका मित्राच्या मोबाइलमधून तिरपं स्कॅन केलेलं, अर्धवट मॅन्युअल मिळालं. अर्थातच इंग्रजीत.

इंजिन थंड असताना काम सुरू केलं. प्लग काढला, मॅग्नेटवरची 'टी' खूण खाचेसमोर आणली. चेनचा ताण सैल केला, स्प्रॉकेट सोडवलं, चेन आत पडू नये म्हणून तारेनं बांधली, खालच्या पोकळीत स्वच्छ फडकं कोंबलं. जुन्या कॅमच्या उंचवट्यावर नख फिरवलं तर खड्डे लागले. नव्याला ऑइल चोपडून बसवलं. मग किक न मारता इंजिन हातानं सावकाश दोनदा फिरवलं. खुणा जुळेनात. चेन एक दात सरकली होती. तसंच चालवलं असतं तर गाडी धड पळाली नसती. चूक याहून मोठी असती तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले असते. पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. फीलर गेजनं टॅपेटची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवली. भाऊंकडून टॉर्कचा पाना आणला, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बोल्ट जास्त आवळला की आटे गेलेच.

कुणी म्हणेल, बघा, चूक झालीच ना? म्हणूनच हे तज्ज्ञांवर सोडावं. मी उलट म्हणतो. हातानं फिरवून बघण्याची पायरी त्या स्कॅनमध्ये होती, म्हणूनच चूक वेळेत सापडली. लोक घरी आणि गल्लीत इंजिन उघडणारच आहेत. अधिकृत सेंटर गावोगाव नसतं. धोका उघडण्यात कमी आणि आंधळेपणानं उघडण्यात जास्त आहे. तो आंधळेपणा लादलेला आहे.

हे नुसतं माझं रडगाणं नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही आलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं गाड्यांसाठी तो कायदा २०१२ मध्येच केला.

आणि आपल्याकडे वेळ कमी आहे. बाबांची गाडी कार्ब्युरेटरची, पाना-पक्कडीनं उघडणारी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झालं आणि नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. आता दोष शोधायलाच स्कॅनर लागतो. उद्या नुसता आवाज ऐकून भाऊंचं भागणार नाही. त्यांना ती माहिती मिळाली नाही, तर गावातलं गॅरेज बंद पडेल आणि पंक्चर झालं तरी आपण वणी गाठू.

म्हणून मागणी साधी आहे. गाडी विकली, तर तिचं सर्व्हिस मॅन्युअलही खुलं करा. आणि ते मराठीत द्या. जाहिरात मराठीत करता येते, मग बोल्ट किती आवळायचा हे का सांगता येत नाही?

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. टकटक गेली होती. बाबांनी कान लावून ऐकलं, "बरी झाली" म्हणाले आणि शेताकडे निघाले. मी ते तिरपं स्कॅन मराठीत उतरवायला घेतलंय. पहिली प्रत भाऊंना देणार आहे.